आपलं ‘या, या’ आणि जर्मनांचं ‘या, या’: साधे शब्द उद्धट कसे ठरतात?

पिशोरमध्ये कुणाच्याही घरी जा, उंबऱ्यातच ऐकू येतं, “या, या, बसा.” पाणी नंतर येतं, चहा त्याच्याही नंतर. आधी हे दोन शब्द.

जर्मन भाषेतही ‘या’ आहे. त्याचा अर्थ ‘हो’. पण हाच ‘या’ लागोपाठ दोनदा, जरा उतरत्या सुरात म्हटला की जर्मन माणसाला वेगळंच ऐकू येतं: “हो रे बाबा, कळलं, पुरे कर आता.”

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी इंटर्नशिपमध्ये एका जर्मन अभियंत्यासोबत दर आठवड्याला व्हिडिओ कॉल असायचा. ए-१ पातळीचा क्लास नुकताच संपलेला, उत्साह मोठा. ते ड्रॉइंगमधली चूक समजावत होते आणि मी आपण सरांसमोर ‘हो हो’ करतो तसं करत होतो, फक्त जर्मनमध्ये. “या, या.” तिसऱ्यांदा म्हटल्यावर ते थांबले. इंग्रजीत म्हणाले, “तुला हे आधीच माहीत असेल तर पुढे जाऊ.” मला काहीच माहीत नव्हतं. मी आदर दाखवत होतो आणि त्यांना तो कंटाळा वाटला.

शब्द बरोबर, उच्चार बरोबर, व्याकरणही बरोबर. तरीही अर्थ उलटा. हे असं का होतं आणि जर्मनीला निघालेल्या आपल्या मुला-मुलींनी त्याची तयारी कशी करावी, समजून घेऊया.

आत्ताच हा विषय का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यासाठी १० हजार जणांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. नर्स, लॅब सहायक, वीजतंत्री, प्लंबर, वेल्डर, बस-ट्रक ड्रायव्हर, हॉटेलमधले कर्मचारी अशा कामांची यादी निघाली. भाषा शिकवण्याची जबाबदारी राज्याने घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसाची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं.

आपल्या जिल्ह्याला जर्मन नवं नाही. चिकलठाणा एमआयडीसीत इंडो-जर्मन टूल रूम आहे. फोक्सवॅगन समूहातल्या स्कोडाचा कारखाना शेंद्र्यात २००१ पासून आहे. परकी भाषा शिकायला इथली मुलं घाबरत नाहीत, हेही दिसलेलं आहे. गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं इंटरनेटवरून जपानी शिकतात, ही बातमी २०२० मध्ये देशभर गाजली होती.

त्यामुळे अद्रक आणि मक्याच्या शेतीवर चालणाऱ्या कन्नड तालुक्यातल्या घरातही आज ‘जर्मनीचं काय झालं?’ हा प्रश्न विचारला जाऊ शकतो. प्रश्न व्हिसाचा असतो, पैशांचा असतो, परीक्षेचा असतो. बोलण्याच्या सुराचा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. तो तिथे गेल्यावर, पहिल्या आठवड्यात, एकट्याने सोडवावा लागतो.

(जर्मन शब्दांचे उच्चार खाली देवनागरीत जवळपास दिले आहेत. अचूक उच्चार ऐकूनच शिका.)

अरेतुरे आणि अहोजाहो

इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. जर्मनमध्ये दोन. ‘डू’ म्हणजे तू आणि ‘झी’ म्हणजे तुम्ही. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. इतकंच काय, आपल्याकडे ‘अरेतुरे करणं’ आणि ‘अहोजाहो करणं’ अशी क्रियापदं आहेत, तशी त्यांच्याकडेही आहेत: ‘डुत्सेन’ आणि ‘झीत्सेन’. ‘झी’चा मूळ अर्थ ‘ते’, अनेकवचनी. आपण एकट्या सरांबद्दलही ‘सर आले, ते बसले’ असं अनेकवचनातच बोलतो, तीच रीत.

मग घोळ कुठे होतो? आपण जर्मन शिकतो इंग्रजीतून. पुस्तकात पहिल्या धड्यापासून ‘डू’ भेटतं, कारण वर्गातले संवाद मित्रांचे असतात. मोबाइल ॲपही बहुतेक वेळा ‘डू’नेच सुरुवात करतं. ते तोंडात बसतं आणि मग दुकानदार, डॉक्टर, सरकारी कार्यालयातला कर्मचारी, सगळ्यांना तेच जातं. वेल्डिंग येत असलेला माणूस साहेबांना “काय रे, तू फाइल पाहिली का?” म्हणाला तर कसं वाटेल? तसं.

नियम सोपा आहे. अनोळखी प्रौढ माणसाला ‘झी’. ‘डू’वर यायचं की नाही, हे सहसा वयाने किंवा पदाने मोठा असलेला माणूस सुचवतो. कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर पहिल्याच दिवशी सगळे ‘डू’ म्हणतात असंही होतं. तेव्हा संकोच न करता तसंच बोलावं. कारण समोरच्याने ‘डू’ सुचवल्यावरही ‘झी’ धरून बसलात तर त्याला ते अंतर ठेवल्यासारखं वाटतं. आदराचा शब्द चुकीच्या जागी थंडपणाचा ठरतो.

हा विषय तिथे किती गंभीर मानला गेला आहे, याचं एक उदाहरण. १९७० च्या दशकात न्यूरेमबर्गच्या बाजारात भाजी विकणाऱ्या एका बाईंना पोलिसाला ‘डू’ म्हटल्याबद्दल न्यायालयाने दंड केला होता. पुढे २००० नंतर एका प्रसिद्ध पॉप संगीतकारावर अशीच तक्रार झाली, तेव्हा हँबर्गच्या न्यायालयाने तो अपमान मानला नाही. कारण तो माणूस सगळ्यांशी तसाच बोलतो. म्हणजे शब्द एकच, पण कोण, कुणाला आणि कोणत्या सवयीने म्हणतो, यावर निकाल बदलला.

‘पाहिजे’ आणि ‘हवं होतं’ यातला फरक

“मला चहा पाहिजे.” मराठीत यात काहीही वावगं नाही. हेच शब्दकोश उघडून जर्मनमध्ये नेलं तर होतं ‘इश विल’. व्याकरण अचूक. पण हॉटेलात, दुकानात, वॉर्डात ‘इश विल’ म्हणणारा माणूस हट्टी मुलासारखा वाटतो. त्याऐवजी ‘इश म्योश्ट’ किंवा ‘इश हेट गेर्न’ म्हणतात. आपल्याकडचं ‘मला जरा… हवं होतं’ हे त्याच्या सर्वांत जवळचं. पिशोरच्या किराणा दुकानात “दादा, एक किलो साखर हवी होती” म्हणणारा माणूस भूतकाळाबद्दल बोलत नसतो. तो नम्रपणे बोलत असतो. जर्मनमध्येही क्रियापदाचं रूप असंच जरा मागे सरकवून नम्रता आणतात.

हाच घोळ प्रश्नातही होतो. “तुम्हाला काय पाहिजे?” हे आपण ग्राहकाला सहज विचारतो. जर्मनमध्ये शब्दशः ‘वास वोलेन झी?’ विचारलं तर ते दारात आडवं उभं राहून “काय पाहिजे?” विचारल्यासारखं लागतं.

आणखी काही रोजचे प्रसंग:

• ऐकू आलं नाही: आपण “काय?” म्हणतो. जर्मन ‘वास?’ हे आपल्या तुटक “काय!”सारखं. म्हणावं ‘वी बिट्टे?’

• चहा किंवा कॉफी विचारली आणि हवी आहे: फक्त ‘डांके’ म्हणजे ‘धन्यवाद’ म्हटलंत तर अनेकदा अर्थ होतो ‘नको’. कॉफी येणार नाही आणि दोघांनाही कळणार नाही का. हवी असेल तर ‘या, गेर्न’ किंवा ‘या, बिट्टे’.

• उत्तर माहीत नाही: ‘काइन आनुंग’ म्हणजे ‘काय की बुवा’. मित्राला चालतं, रुग्णाच्या नातेवाइकाला नाही. तिथे वाक्यात ‘लायडर’ हवं, म्हणजे ‘माफ करा, मला माहीत नाही’ असा भाव येतो.

• दोन्ही चालेल: ‘इस्ट मिर एगाल’ म्हणजे शब्दशः ‘मला सारखंच’. साहेबांनी ‘सकाळची शिफ्ट की दुपारची?’ विचारल्यावर हे म्हटलंत तर अर्थ जातो ‘मला काय फरक पडतो’. ‘मिर इस्ट बाइडेस रेश्ट’ म्हणजे ‘मला दोन्ही चालेल’, हे बरं.

• सूचना मान्य आहे: ‘या, या’ नको. ‘या, माखं इश’ म्हणजे ‘हो, करतो’.

या ‘या, या’मागे एक गंमत आहे. जर्मन माणसं थट्टेने म्हणतात की ‘या, या’चा खरा अर्थ एक विशिष्ट शिवी आहे. ती वर्तमानपत्रात छापता येणार नाही. पण ती साहित्यात गाजवली कुणी? गोएथे यांनी. १७७३ च्या त्यांच्या नाटकात गोट्झ नावाचा लोखंडी हाताचा सरदार किल्ल्यात वेढला जातो. शरण येण्याचा निरोप घेऊन आलेल्याला तो खिडकीतून जे उत्तर देतो, ते आजही नुसतं ‘गोट्झचं वाक्य’ म्हटलं की जर्मन माणूस हसतो. ज्यांच्या नावाच्या संस्थेचं प्रमाणपत्र मिळवायला आपली मुलं पुणे-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात परीक्षा देतात, ते हेच गोएथे.

जरा, ना, की: लहान शब्दांचं मोठं काम

“इकडे ये” आणि “जरा इकडे ये ना” यात माहितीचा फरक शून्य आहे. पण पहिलं वाक्य ऐकून मूल घाबरतं, दुसरं ऐकून येतं. ‘जरा’ आणि ‘ना’ काढून टाकले तर मराठी आज्ञेसारखी होते.

जर्मनमध्येही असे शब्द आहेत. ‘माल’ हे जवळपास आपलं ‘जरा’. ‘कॉम हेर’ म्हणजे ‘ये इकडे’. ‘कॉम माल हेर’ म्हणजे ‘जरा ये ना’. प्रश्नात ‘डेन’ घातलं की चौकशी आपुलकीची होते. ‘डॉख’ मात्र जपून वापरायचं. “मी सांगितलं” आणि “मी सांगितलं होतं ना!” यात जो फरक आहे, तो ‘डॉख’ करतं. पहिल्या वाक्यात माहिती आहे, दुसऱ्यात ठपका.

इंग्रजीत या शब्दांना नेमके प्रतिशब्द नाहीत, म्हणून इंग्रजीतून शिकवताना ते ‘अर्थ नसलेले शब्द’ म्हणून सोडले जातात. मराठीतून शिकवलं तर एका मिनिटात कळतील. माझ्या मते आपल्याकडच्या जर्मन वर्गांची ही सर्वांत मोठी हुकलेली संधी आहे. मराठी ही अडचण समजून बाजूला ठेवली जाते, प्रत्यक्षात ती तयार शिडी आहे.

कौतुक आहे की टोमणा?

“काय दिवे लावलेस!” हे वाक्य एखाद्या जर्मन माणसाने शब्दकोशातून समजून घेतलं तर त्याला वाटेल, दिवाळी आहे. आपली त्यांच्याकडे तशीच फजिती होते.

‘श्योन फ्यूर डिश’ म्हणजे शब्दशः ‘तुझ्यासाठी छान’. नव्या मोबाइलची बातमी सांगितल्यावर कुणी कोरड्या सुरात हे म्हटलं, तर अर्थ ‘असेल, मला काय त्याचं’. मनापासून आनंद झाला असेल तर ‘फ्रॉइट मिश फ्यूर डिश’ म्हणतात.

‘ना टोल’ म्हणजे शब्दशः ‘वा, मस्त’. मशीन बंद पडल्यावर सुपरवायझर हे म्हणतो, तेव्हा तो खूश नसतो.

‘मालत्साइट’ म्हणजे जेवण. दुपारच्या वेळी कारखान्यात, कार्यालयात लोक एकमेकांना नमस्कारासारखं ‘मालत्साइट!’ म्हणतात. उत्तरात तेच म्हणायचं. पण त्याच्या आधी ‘प्रोस्ट’ लागलं आणि ‘प्रोस्ट मालत्साइट’ झालं की अर्थ होतो ‘झालं कल्याण!’

‘फॉन मिर आउस’ म्हणजे शब्दशः ‘माझ्याकडून’. रजा मागितल्यावर हे उत्तर आलं तर रजा मिळाली आहे, पण मनाने दिलेली नाही.

‘ना उन्ट?’ ऐकून आपल्याला उंट आठवतो. अर्थ आहे ‘मग काय झालं?’ तोही खांदे उडवून. आणि ‘दास इस्ट निश्ट माइन बीर’ म्हणजे ‘ही माझी बिअर नाही’. दारूशी काही संबंध नाही. अर्थ ‘तो माझा प्रश्न नाही’.

‘फ्रॉइन्टशेन’ म्हणजे ‘छोटा मित्र’. गोड वाटतं, पण बोट उगारून म्हटलं की आपलं “बच्चमजी, जपून!” होतं.

ही यादी पाठ करायची गरज नाही. एक खूण लक्षात ठेवा. शब्द गोड, पण प्रसंग वाईट असेल, तर तो टोमणा आहे. मराठीत हे आपण रोज ओळखतो.

‘आजी’ म्हटलं तर राग का येतो?

नर्सिंगसाठी जाणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

कन्नडच्या दवाखान्यात नर्स म्हणते, “आजी, गोळी घ्या बरं.” यात माया आहे, मान आहे. नाव घेऊन हाक मारली तर उलट उद्धट वाटेल. जर्मनीत अनोळखी वृद्ध बाईंना ‘ओमा’ म्हणजे आजी किंवा आजोबांना ‘ओपा’ म्हटलं, तर अनेकांना तो अपमान वाटतो. ‘मी हिची आजी नाही, मी एक स्वतंत्र प्रौढ व्यक्ती आहे, मला म्हातारी म्हणून निकालात काढू नका,’ अशी ती भावना असते. तिथे ‘फ्राउ’ किंवा ‘हेर’ आणि पुढे आडनाव. सोबत ‘झी’. रुग्णाने स्वतः काही वेगळं सुचवलं तरच बदल.

आपल्याला हे कोरडं वाटतं. त्यांच्यासाठी हीच माया आहे.

जुन्या पुस्तकांतला एक शब्द तर आता बाळगूच नये: ‘फ्रॉइलाइन’, म्हणजे कुमारी. पश्चिम जर्मनीत १९७२ मध्ये सरकारी कामकाजातून तो काढला गेला. लग्न झालेलं असो वा नसो, प्रौढ स्त्री ‘फ्राउ’. आज एखाद्या वेट्रेसला ‘फ्रॉइलाइन’ म्हटलं तर ती पोरगी म्हटल्यासारखं वाटतं. नर्ससाठीचा जुना ‘श्वेस्टर’ म्हणजे सिस्टर हा शब्द रुग्णांच्या तोंडी अजून आहे. पण १ जानेवारी २०२० पासून लागू असलेल्या कायद्यात या व्यवसायाचं नाव ‘फ्लेगेफाखफ्राउ’ किंवा ‘फ्लेगेफाखमान’ आहे. आपली ओळख करून देताना हे नाव वापरा. ते तुमच्या पात्रतेचं नाव आहे.

उद्धट वाटतं, पण नसतं

आता दुसरी बाजू. तिथे गेलेल्या आपल्या माणसाला जे टोचतं, त्यातलं बरंच काही अपमान नसतो.

“हे चुकलं आहे. पुन्हा करा.” बस, एवढंच. ना प्रस्तावना, ना ‘तसं चांगलं केलंय, पण’. आपल्याला वाटतं, साहेब चिडले. साहेब चिडलेले नसतात. त्यांनी कामाबद्दल सांगितलं, माणसाबद्दल नाही. आपण ‘बघू’, ‘होऊन जाईल’, ‘करतो’ म्हणून नकार झाकतो. त्यांना ते झाकणं खोटेपणासारखं वाटतं. ‘होऊन जाईल’ म्हटलंत की ते तारीख लिहून घेतात.

बाडेन-वुर्टेमबर्गमधल्या श्वाबेन भागाची तर म्हणच आहे, तिचा अर्थ असा: ओरडले नाहीत, म्हणजे पुरेसं कौतुक झालं. तिथे ‘निश्ट श्लेश्ट’ म्हणजे ‘वाईट नाही’ मिळालं तर घरी फोन करून सांगावं. ‘पास्ट’ म्हणजे ‘जमलं’, हाही शेरा चांगलाच.

आणखी एक अडचण. वर्गात शिकलेली प्रमाण जर्मन तिथे जशीच्या तशी ऐकू येणार नाही. ‘आम्हाला सगळं जमतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून’ अशी जाहिरात या राज्याने स्वतःच १९९९ मध्ये केली होती. सकाळी ‘गुटेन टाग’ऐवजी ‘ग्र्यूस गॉट’ ऐकू येईल. आणि वर सांगितलेलं ते ‘गोट्झचं वाक्य’ श्वाबेनमध्ये आश्चर्य वाटलं, आनंद झाला, जुना मित्र भेटला तरीही म्हणतात. आपल्याकडे दोन जिगरी दोस्त शिवी दिल्याशिवाय नमस्कार करत नाहीत, तसंच काहीसं. अशा वेळी हसावं. पण स्वतः ते वापरायला किमान काही वर्षं थांबावं. जवळिकीतली शिवी जवळच्यालाच शोभते.

आणि खराच अपमान झाला तर?

सगळंच ‘त्यांची पद्धत’ म्हणून गिळायचं नाही. ‘हाल्ट दी क्लापं’ म्हणजे ‘तोंड बंद कर’. ‘हाउ आप’ म्हणजे ‘चालता हो’. ‘आउसलेंडर राउस’ म्हणजे ‘परदेशी बाहेर’. यात सुराचा गैरसमज वगैरे काही नाही.

जर्मन दंडसंहितेच्या कलम १८५ नुसार अपमान करणं हा गुन्हा आहे. त्यासाठी दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कामाच्या ठिकाणी वंश, धर्म, लिंग यावरून भेदभाव झाला तर २००६ चा समान वागणुकीचा कायदा आहे. अनेक कंपन्यांत ‘बेट्रीप्सराट’ ही कामगारांनी निवडलेली परिषद असते, तिथे जाता येतं. दावा करण्याची मुदत मोठी नसते, म्हणून त्याच दिवशी तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवावेत.

हाच कायदा आपल्यालाही लागू आहे. ट्रक किंवा बस चालवायला जाणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. दुसऱ्या ड्रायव्हरकडे बघून कपाळावर बोट टेकवलं, म्हणजे आपलं ‘डोकं आहे का?’, तर तिथे त्याला ‘फोगेल दाखवणं’, म्हणजे पक्षी दाखवणं म्हणतात. त्याबद्दल तक्रार होऊ शकते आणि दंडही.

मग करायचं काय?

गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार शून्यापासून बी-१ पातळी गाठायला ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात. इंजिनिअर आहे म्हणून हिशेब करून पाहिला. रोज दोन तास, आठवड्याला सहा दिवस शिकलात तर कमीत कमी पाच महिने, जास्तीत जास्त सव्वानऊ ते साडेनऊ महिने. नर्सच्या पात्रतेला मान्यता मिळण्यासाठी साधारणपणे बी-२ लागतं, म्हणजे त्याहून अधिक. ‘दोन-तीन महिन्यांत बी-१’ अशी जाहिरात दिसली तर हा हिशेब समोर ठेवा. घाईच्या वर्गात सर्वांत आधी कात्री लागते ती बोलण्याच्या सरावाला.

परीक्षेत औपचारिक ई-मेल लिहायला येतो, त्यामुळे ‘डू’ आणि ‘झी’ निदान कागदावर तरी तपासलं जातं. पण रात्रीच्या शिफ्टला वेदनेने चिडलेल्या रुग्णाशी बोलताना ‘जरा’ कुठे घालायचं, हे कागदावर येत नाही.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात.

पहिली, सरकारी खर्चाने जे प्रशिक्षण होईल, त्यात व्यवसायानुसार संवादाचा सराव सक्तीचा असावा. नर्सला वॉर्डातला, ड्रायव्हरला तपासणी नाक्यावरचा, वीजतंत्र्याला ग्राहकाच्या दारातला. करार कुशल मनुष्यबळाचा आहे आणि तिथे बोलणं हाही कौशल्याचाच भाग आहे.

दुसरी, शिकवताना मराठीचा आधार घ्यावा. अरेतुरे, ‘हवं होतं’, ‘जरा’, ‘दिवे लावलेस’ हे सगळं ज्या मुलांना येतं, त्यांना जर्मन सूर कळायला इंग्रजीच्या वळणाने का न्यायचं?

तिसरी, शिकणाऱ्याने करायची. नवा शब्द लिहिताना वहीत तीन रकाने करा: शब्द, अर्थ आणि ‘कुणाला म्हणायचा’. तिसरा रकाना रिकामा असेल तर तो शब्द अजून तुमचा झालेला नाही. आणि चूक झालीच, तर एक वाक्य पाठ ठेवा: ‘एन्टशुल्डिगुंग, झो वार दास निश्ट गेमाइन्ट.’ म्हणजे ‘माफ करा, मला तसं म्हणायचं नव्हतं.’

त्या व्हिडिओ कॉलवर मला हे वाक्य येत नव्हतं. मी गप्प बसलो आणि ड्रॉइंगमधली तीच चूक पुढच्या आठवड्यातही तशीच राहिली. नंतर धीर करून मी त्यांना इंग्रजीत सांगितलं, की आमच्याकडे ‘हो हो’ म्हणजे मन लावून ऐकतोय, आणि ‘या, या’ म्हणजे घरात या. ते हसले आणि ड्रॉइंग पुन्हा पहिल्यापासून समजावलं. त्या दिवशी मी एकच ‘या’ म्हणालो. पुढे प्रश्न विचारला.